तिसऱ्या घंटेआधी : संगीत नाट्यमहोत्सव करणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या टपालातले बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत. एखाद्या संगीत नाटकाचा प्रयोग नीट करणाऱ्या संस्था त्याच संचात, त्याच रंगमंचावर ओळीने चार रात्री चार नाटकं लावायला जातात, आणि गाडी अडते ती दोन प्रयोगांच्या सांध्यात. प्रश्न थोडे आखडते घेतले आहेत. साथ, नेपथ्य, रंगभूषा, प्रकाश आणि कपडेपट ही कामं पाहणाऱ्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ आणि ‘संशयकल्लोळ’ असा चार दिवसांचा महोत्सव करत आहोत. नाटकं सालानुसार लावावीत असं समितीत ठरतंय. बरोबर आहे का?
*– एक कार्यवाह, पुणे जिल्हा*

निमंत्रणपत्रिकेवर ते छान दिसेल. १८८२, १८९९, १९११, १९१६ असा संगीत रंगभूमीचा प्रवासही आपोआप उलगडेल. पण तुमचा गायक नट आणि तुमचे सुतार दोघंही तिसऱ्या दिवशी तोंड फिरवतील.

आधी आवाजाचं पाहा. ‘सौभद्र’मधला अर्जुन किंवा कृष्ण आणि ‘मानापमान’मधला धैर्यधर या गळ्याला दमवणाऱ्या भूमिका आहेत. हौशी संस्थांत त्या बहुधा एकाच माणसाकडे जातात. सालानुसार लावलं तर त्याला मध्ये एकच रात्र मिळते, आणि त्या रात्रीही तो ‘शारदे’तला कोदंड म्हणून उभा असतो. मग नेपथ्य. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ दोन्ही घरातली नाटकं. वाड्याचे खांब, चौकट, दार, झोपाळा, बैठक एवढा ऐवज दोन्हीकडे चालतो. सालानुसार गेलात तर हा वाडा दुसऱ्या दिवशी उभा करायचा, तिसऱ्या दिवशी मोडायचा आणि चौथ्या दिवशी पुन्हा उभा करायचा.

आम्ही हा क्रम सुचवू : सौभद्र, संशयकल्लोळ, शारदा, मानापमान. जड गळ्याच्या दोन नाटकांत दोन रात्रींचं अंतर पडतं आणि वाडा एकदाच बांधला जातो. ‘सौभद्र’ला पडदे, मुकुट आणि पौराणिक रंगभूषा सगळंच जास्त लागतं. सामान आणण्याचा आदला दिवस हाताशी असतो, म्हणून ते पहिलंच बरं. शेवटच्या दिवशी ‘मानापमान’ ठेवलं की तिकीटविक्रीही धरून राहते. फक्त ‘संशयकल्लोळ’मधल्या अश्विनशेठसाठी आणि कोदंडासाठी वेगळे गळे शोधा. तेवढंही जमत नसेल तर महोत्सव तीन नाटकांचा करा.

समितीत कोणी फारच हटून बसलं, तर ‘संशयकल्लोळ’चं मूळ गद्य रूप ‘फाल्गुनराव’ १८९३चं आहे एवढं सांगा. तेही ‘शारदे’च्या आधीचंच.

प्रश्न : आमची सुभद्रा काळी चारमध्ये गाते, अर्जुन काळी एकमध्ये. वेगवेगळे दोघंही सुरात असतात, पण एकाचं पद संपून थोड्याच वेळात दुसऱ्याचं आलं की पहिल्या ओळीत सूर हलतो. तबला नेमका कोणत्या सुरात लावायचा, यावरही रोज वाद होतो.
*– एक दिग्दर्शक, सांगली*

तुमची जोडी मुळात सोयीची आहे. काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी षड्ज धरून गाणं. काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. म्हणजे तिचा शुद्ध मध्यम हाच त्याचा षड्ज. काळी पाचमध्ये गाणारी स्त्री आणि काळी दोनमध्ये गाणारा पुरुष यांचंही नातं हेच. भूमिका वाटताना कुणी हे पाहत नाही आणि पुढे सगळा भार साथीदारांवर येतो.

तबल्याचं उत्तर यातूनच निघतं. दोन दायां (उजव्या हाताचे तबले) ठेवा, एक काळी एकमध्ये आणि दुसरा काळी दोनमध्ये. काळी एकचा तबला अर्जुनाला षड्ज देतो आणि सुभद्रेला मध्यम. तिच्या पदाचा राग मध्यम नीट मिरवणारा असेल तर हाच तबला गोड लागेल. पद भूपात किंवा यमनात असेल तर हा शुद्ध मध्यम कानाला टोचतो, कारण एकात मध्यम नाहीच आणि दुसऱ्यात तीव्र आहे. तिथे काळी दोनचा दायां घ्या. तो तिचा पंचम होतो. काळी दोनमध्ये गाणारा नारद असला तर त्याचंही काम झालं. दोन्ही दायां साधारण सव्वापाच इंची तोंडाची असली की पुडी (तोंडावरचं कातडं) फार ताणावी लागत नाही. खाली काळी चारमध्येच तबला हवा असेल तर सहा इंचांच्या आसपासचं तोंड लागेल. लहान तोंडाचा तबला तिथवर उतरवला तर तो बोलत नाही, नुसता थपथपतो.

दोन्ही तबले तिसऱ्या घंटेआधी लागलेले हवेत. सभागृहातलं वातानुकूलन सुरू होऊन अर्धा तास तरी झालेला असू द्या. कोरड्या थंड हवेत पुडी आवळते आणि सूर चढतो. पावसाळी दमट हवेत ती सैल पडते. वादीखालचे लाकडी गट्ठे ठोकून मोठा फरक आधीच काढून घ्या, म्हणजे प्रयोगात गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या गोफावर) दोन-चार हलके ठोके पुरतात. करुण संवादात हातोडीचा आवाज गेला तर ते पद सुरू होण्याआधीच गेलं म्हणायचं.

आता सूर हलण्याबद्दल. नटाच्या कानात आधीच्या पदाचा षड्ज बसलेला असतो. ऑर्गनवाल्याने तो पुसायला हवा. बरेच जण नटाचं वाक्य संपल्यावर सूर देतात आणि वर एखादी हरकत घेतात. तेवढ्यात नट गोंधळतो. पदाआधीच्या शेवटच्या वाक्याच्या निम्म्यावर नवा षड्ज-पंचम बारीक सुरू करावा. काही वाजवायचं नाही, नुसता धरायचा. भात्याचा दाब एकसारखा ठेवावा. नट त्या सुरावर बोलत बोलत पदात शिरतो. जुन्या साथीदारांना हे वेगळं शिकवावं लागलं नाही. आज तालीम हार्मोनियमवर आणि प्रयोग ऑर्गनवर, म्हणून ते लिहून ठेवावं लागतं.

म्हणून प्रत्येक नाटकाचा पट्टीचा तक्ता करा. त्यात पदाचा क्रम, पात्र, त्या रात्रीच्या नटाची पट्टी, ताल, किती कडवी घेणार, तबला कोणता आणि पदाआधीचं शेवटचं वाक्य एवढं हवं. ‘सौभद्र’च्या संहितेत शंभरावर पदं आहेत. अडीच-तीन तासांच्या प्रयोगात त्यातली निवडकच येतात. कोणती आली आणि कोणती गेली हे ऑर्गन, तबला, प्रॉम्प्टर आणि प्रकाश या चौघांच्या कागदांवर एकसारखं असलं पाहिजे. पर्यायी नट उभा राहणार असेल तर त्याच्या पट्टीचा वेगळा तक्ता वेगळ्या रंगाच्या कागदावर करा. पर्यायी नटाला संवाद पाठ असतात. अडचण येते ती त्याच्या पट्टीमुळे सुभद्रेबरोबरच्या पदाची सगळी बांधणी बदलते तिथे.

एक तपासणी मात्र न चुकता करा. जुने परदेशी बनावटीचे ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला लागतीलच असं नाही. काही स्पष्ट चढे असतात. शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा ठेवला की दोन सुरांत लाट उठते आणि गायकाला उगाच आपण बेसूर आहोत असं वाटू लागतं. तानपुऱ्याचं बारीक बटण फिरवून तो ऑर्गनला लावा. ऑर्गन तानपुऱ्याला लावायच्या भानगडीत प्रयोगाच्या दिवशी पडू नका. बासरी असेल तर तीही आधी ऑर्गनशी जुळवून पाहा.

साथीदार एका कोपऱ्यात आणि नट दुसऱ्या टोकाला असतील तर दहा मीटरला आवाज सुमारे ०.०३ सेकंद उशिरा पोहोचतो. विलंबित पदात ते खपतं. द्रुत पदात नट ठेक्यामागे पडल्यासारखा वाटतो आणि बिचारा शिव्या खातो. त्याच्या बाजूच्या पहिल्या विंगेत एक छोटा स्पीकर ठेवा आणि त्यात फक्त ऑर्गन-तबला सोडा.

प्रश्न : नांदी रोज वेगळी घ्यावी की चारही दिवस ‘पंचतुंड नररुंडमालधर’ चालेल?
*– एक गायिका, ठाणे*

चालेल, अनेक संस्था घेतातच. पण ती १८८०च्या ‘शाकुंतल’ची नांदी आहे. ‘मानापमान’ला स्वतःची ‘नमन नटवरा’ आहे, ती त्या दिवशी घ्या. सगळ्या संचाने नांदीला उभं राहायचं असेल तर जलद वेशांतर असलेल्या नटांना मागच्या रांगेत, विंगेजवळ ठेवा. आणि धूप बेताचा. धुरात उभं राहून पहिलं पद गाणाऱ्याला खोकला आला तर तो दोष नटराजाचा नव्हे.

प्रश्न : कोकणातल्या दौऱ्यात आमच्या ऑर्गनची एक पट्टी दाबलेली राहते आणि दोन सूर वाजतच नाहीत. दुरुस्ती करणारा माणूस जवळपास नाही. काय करता येईल?
*– एक साथीदार, सिंधुदुर्ग*

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पट्टी बोट उचलल्यावरही खालीच राहत असेल तर लाकूड दमट हवेने फुगून शेजारच्या पट्टीला किंवा आतल्या खिळीला घासतंय. पट्टी वर येते पण सूर चालूच राहतो, असं असेल तर खालची झडप पुरती मिटत नाही. तिच्या गादीवर कचरा अडकलेला असतो किंवा स्प्रिंग मेलेली असते. पहिल्या दुखण्यात पट्टीची बाजू कानशीने घासण्याचा मोह होतो. तो आवरा. कोरड्या हवेत लाकूड पुन्हा आकसतं आणि पट्टी खुळखुळू लागते. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, सुती खोळ घालून ऑर्गन एक रात्र कोरड्या खोलीत राहू द्या. बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

न वाजणाऱ्या सुरात धुळीचा कण असतो. रीडच्या जिभेला हलायला फट फार बारीक असते, त्यात केसाएवढा तंतूही पुरतो. आधी भाता जोरात भरून ती पट्टी पंधरा-वीस वेळा झटक्याने दाबा. नाही सुटलं तर रीड बाहेर काढून मऊ ब्रशने मुळाकडून टोकाकडे झाडा. टाचणी घालू नका. टोकाचं पितळ खरवडलं गेलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो, आणि मग तो एक सूर बाकीच्यांशी कधीच पटत नाही.

पायपट्ट्यांचे पट्टे तुटतात तेही नेमके दुसऱ्या अंकात. दोन जादा पट्टे, स्क्रू आणि पेचकस ऑर्गनच्या मागच्या बाजूला बांधूनच ठेवा. टेम्पोतून नेताना ऑर्गन उभाच हवा. दमट टेम्पोतून उतरवून थेट गार सभागृहात नेल्यावर लगेच वाजवायला बसू नका, दोन-तीन तास जाऊ द्या. शिवाय त्याच सुराला जुळवलेली एक हातपेटी साथीदारांपाशी उघडी ठेवा. ऑर्गन मध्येच बसला तर प्रयोग थांबत नाही.

प्रश्न : प्रयोग रात्री साडेनऊला संपतो आणि सभागृह साडेदहापर्यंतच मिळतं. एका तासात ‘सौभद्र’ उतरवायचं कसं? रंगवलेले जुने पडदेही आहेत, त्यांचं काय करायचं?
*– एक नेपथ्यकार, नाशिक*

एक तास पुरतो. माणसं किती यापेक्षा कोण कशाला हात लावतो ते महत्त्वाचं. पहिली दहा मिनिटं रंगमंचावर फक्त प्रॉपर्टीवाला. कमंडलू, दंड, शस्त्रं, दागिने यादीवर खूण करून पेटीत, पेटीला कुलूप. प्रेक्षक नटांना भेटायला वर येतात तेव्हा याच वस्तू जातात. चोरीच असते असं नाही, लहान मुलं खेळायला नेतात. तेवढ्या वेळात आत कपडेपट आवरतो. मग पडदे, मग फ्लॅट (भिंतींच्या उभ्या चौकटी), शेवटी लेव्हल (लाकडी चौथरे).

फ्लॅट खिळ्यांनी जोडलेले असतील तर आधी ते बदला. खिळा काढताना लाकूड फाटतं, तिसऱ्या प्रयोगाला त्याच भोकात खिळा बसत नाही, आणि वाकडे खिळे रंगमंचावर राहून अनवाणी नटांच्या पायात जातात. सुट्या पिनेची बिजागरी लावा. आठ फुटी फ्लॅटला वर, मधे, खाली अशा तीन. पिना काढल्या की फ्लॅट सुटे. पिना दोरीने फ्लॅटलाच बांधलेल्या असू द्या. प्रत्येक तुकड्याच्या मागे नाटकाचं अक्षर, अंक आणि जागा खडूने नव्हे, रंगाने लिहा. ‘सौ–२–डावा मागचा’ एवढं पुरे. लेव्हल चारही नाटकांना एकाच मापाच्या, चार बाय आठच्या घ्या. म्हणजे त्या रंगमंचाबाहेर न्याव्याच लागत नाहीत, नुसत्या जागा बदलतात.

‘डावा’ कोणाचा हे मात्र पहिल्या दिवशी ठरवा. नट प्रेक्षकांकडे तोंड करून डावा म्हणतो, सुतार रंगमंचाकडे तोंड करून. अनेक संस्था ‘ऑर्गनकडची विंग’ आणि ‘दरवाजाकडची विंग’ असं म्हणून हा घोळ मिटवतात. ऑर्गनची जागा चारही दिवस एकच ठेवली तरच ते चालतं.

रंगवलेल्या पडद्याची घडी घालायची नाही. सरसात कालवलेला रंग घडीवर तडकतो आणि पुढच्या प्रयोगात राजवाड्यावर पांढरी रेघ दिसते. खालच्या बांबूवर किंवा पाइपवर सैल गुंडाळा, वर जुनी चादर. पाणी लागू देऊ नका, डाग पुसायला ओला कपडा लावला तर रंगच निघून येईल. पडदा वर ओढण्याच्या तीन दोऱ्या असतात, जवळची, मधली आणि लांबची. तिन्ही समान ताणून, खालची कड सरळ आली की तिन्हींवर एकाच जागी रंगीत फीत बांधा. पुढच्या वेळी फिती जुळल्या की पडदा सरळ. सुती दोरी भिजली की आखडते, त्यामुळे पावसाळ्यात फितींवर विसंबू नका, रोज कड पाहा. मागचा वातानुकूलनाचा झोत पडद्यावर येत असेल तर खालच्या पाइपात वजन घाला. द्वारका डुलताना दिसली की प्रेक्षक हसतात, आणि ते हसू नारदाच्या वाट्याला येतं.

आणखी एक. जुन्या नाटककारांनी रस्त्याचा प्रवेश उगाच घातलेला नाही. पुढे रस्त्याच्या पडद्यावर दोन पात्रं बोलतात तेवढ्यात मागे महाल लागतो. संकलन करताना ‘हा प्रवेश कथेला लागत नाही’ म्हणून तो कापला जातो आणि मग अंधारात तीन मिनिटं ठोकाठोक ऐकू येते. कापण्याआधी नेपथ्यकाराला विचारा.

प्रश्न : प्रॉम्प्टर कुठे बसावा?
*– एक वाचक, बेळगाव*

पहिल्या विंगेत, ऑर्गनच्या विरुद्ध बाजूला. ऑर्गनकडच्या बाजूला बसला तर नटाला त्याचे शब्द ऐकू जात नाहीत. त्याने ओठ हलवत सगळं नाटक बरोबर वाचायचं असतं, नट अडल्यावर पान शोधायचं नसतं. वाक्याचे पहिले दोन शब्द द्यावेत. नट मुद्दाम थांबला आहे की विसरला आहे हे फक्त तालमी पाहून कळतं, म्हणून महोत्सवासाठी आयत्या वेळी प्रॉम्प्टर आणू नये. पानांचे क्रमांक सगळ्यांच्या प्रतीत सारखे हवेत.

प्रश्न : यतीची दाढी घामाने सुटते. चौथ्या दिवशी नटाची हनुवटी सोलवटलेली असते. शिवाय तीन रंगभूषाकारांत सोळा नट वेळेत होत नाहीत.
*– एक रंगभूषाकार, मुंबई*

आधी वेळेचं गणित. सोळा नट, सरासरी प्रत्येकी पंचवीस मिनिटं, म्हणजे चारशे मिनिटं. तीन जणांत ती सव्वादोन तास होतात. सहाच्या प्रयोगाला साडेपाचला सगळे तयार हवेत, तर पहिला नट सव्वातीनला खुर्चीत बसला पाहिजे. चारला ‘या’ सांगितलं की उशीर तिथेच ठरलेला. पहिल्या प्रवेशातल्यांना आधी बसवू नका. ज्यांच्या रंगभूषेला वेळ जास्त, ते आधी. शेवटच्या अंकात येणाऱ्यांना पहिल्या अंकात बसवता येतं.

दाढी सुटते ती बहुधा गोंद रंगावर लावल्याने. पॅनकेक लावून वर गोंद लावला की दाढी त्वचेला नव्हे, रंगाला चिकटते, आणि घामाने रंग सुटतो. क्रम उलटा हवा. हनुवटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडी करा, स्पिरिट गमचा पातळ थर द्या, बोटाने टिचक्या मारून चिकट तार येऊ द्या (अर्धा-एक मिनिट), मग दाढी ओल्या फडक्याने दाबा. रंग त्यानंतर, दाढीच्या कडेपर्यंत. ओठांच्या कोपऱ्यांना गोंद कमी लावा. गाताना तोंड मोठं उघडतं आणि कोपरेच पहिले सुटतात.

काढताना ओढायचं नाही. गोंद काढायचा द्रव किंवा खोबरेल तेल कडेने आत सोडून दोन मिनिटं थांबा. त्वचा लाल झालीच तर दुसऱ्या दिवशी दाढी कानामागून बारीक इलॅस्टिकवर अडकवा, टोपाखाली ते दिसत नाही. अर्जुन यती होतो त्या जलद बदलाला खरं तर हीच पद्धत चांगली.

रंगभूषेच्या खोलीत पांढऱ्या ट्यूब असतात आणि रंगमंचावर पिवळसर हॅलोजन. एका नटाला पूर्ण रंगवून आधी प्रकाशात उभं करा, शेवटच्या रांगेतून पाहा, मग बाकीच्यांना हात लावा. सभागृहात नुसते एलईडी असतील तर गालांवरची लाली एरवीपेक्षा जास्त लागते, नाहीतर सगळी पात्रं आजारी दिसतात.

प्रश्न : प्रकाश मंद केला की स्पीकरमधून गुणगुण येते. ऑर्गनवाला म्हणतो ऑर्गन खराब आहे, आम्ही म्हणतो लाइट. कोण बरोबर?
*– एक तंत्रज्ञ, कोल्हापूर*

तुम्ही. डिमर विजेची लहर तोडून दिवा मंद करतो, आणि त्या तोडीचा खरखराट माइकच्या तारांत शिरतो. दिवे पूर्ण उजळल्यावर गुणगुण थांबते, निम्म्यावर वाढते, ही त्याची ओळख. ध्वनीला वेगळा फेज घ्या. माइकच्या आणि डिमरच्या तारा एकत्र बांधू नका, हातभर अंतर ठेवा, ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात ओलांडा.

चार नाटकांना रोज नवे दिवे बांधत बसू नका. समोरून सहा भागांवर प्रत्येकी दोन दिवे हा पाया चारही दिवस तसाच, कोन साधारण ४५ अंशांचा. मागचा रंग आणि एक-दोन खास दिवे तेवढे बदला. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम ३४५० वॉट होतात. कागदावर हजारचे तीन दिवे बसतात, पण जुन्या सभागृहांत दोनच लावा. एलईडी दिव्यांना थेट वीज द्या. डिमरवर लावले तर ते लुकलुकतात, कधी जळतातही. दिव्यापुढचा गडद निळा कागद उष्णता जास्त शोषतो आणि आधी जळतो. रात्रीचे प्रवेश असलेल्या नाटकाला निळ्याचे दोन जादा तुकडे कापून ठेवा.

प्रश्न : वन्स मोअर घ्यावा की नाही? सभागृहाची वेळ संपते.
*– एक व्यवस्थापक, पणजी*

घ्यावा. पूर्वी रात्रभर चालणारी नाटकं आज तीन तासांत बसवली आहेत, त्यात प्रेक्षकाचा एवढा एक हक्क उरला आहे. पण त्याला माप हवं. पूर्ण पद पुन्हा गायलं तर चार-पाच मिनिटं जातात. सहा वेळा मिळाला की अर्धा तास गेला. फक्त शेवटचं कडवं घ्यायचं हे आधी ठरवा. घ्यायचा की नाही हे नटाने ऑर्गनवाल्याकडे पाहून ठरवावं आणि ऑर्गनवाल्याने षड्ज धरावा. तो सूर ऐकला की प्रकाशवाल्याने पुढचा बदल थांबवायचा आणि प्रॉम्प्टरने पान उलटायचं नाही. हे न ठरवल्यास नट गात असतो आणि मागे अंधार होऊन पडदा वर जात असतो.

प्रश्न : पैठण्या आणि शेले रोज धुता येत नाहीत. वास कसा घालवायचा? आणि घटोत्कच सुभद्रेला उचलतो तेव्हा माइकची पेटी तुटते.
*– कपडेपट सांभाळणारी एक कार्यकर्ती, रत्नागिरी*

जरीला घाम लागूच द्यायचा नाही. आत पातळ सुती पोलकं, काखेत सुती पट्ट्या, त्या रोज धुवा. प्रयोग संपला की साडी घडी करून पेटीत टाकू नका. रात्रभर पंख्याखाली दांडीवर, सकाळी सावलीत तासभर, मग मलमलीत गुंडाळून पेटीत. अत्तर आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. घडीच्या रेषा रोज बदला. नऊवारीला शिवलेली तयार साडी असेल तर वेलक्रोऐवजी हूक लावा. शांत प्रवेशात विंगेतला वेलक्रोचा चर्रकन आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.

माइकची पेटी कमरेला असते आणि उचलणाऱ्याचा हात नेमका तिथेच येतो. त्या प्रवेशापुरती ती पाठीच्या वरच्या भागात, दोन खांद्यांच्या मधे, सुती पट्ट्याने बांधा. तार साडीत पिनेने नव्हे, शिवलेल्या फासात अडकवा. माइक कपाळाच्या केसांच्या रेषेशी ठेवलात तर गळ्यातल्या दागिन्यांची खळखळ येत नाही.

प्रश्न : ‘संशयकल्लोळ’मधली तसबीर कोणाची ठेवावी? आम्ही कुठलं तरी जुनं चित्र वापरतो.
*– एक हौशी नट, नागपूर*

त्या रात्री अश्विनशेठ करणाऱ्या नटाची, त्याच वेषात आणि त्याच पगडीत काढलेली. रेवतीच्या हातून पडलेली ही तसबीर कृत्तिकेला सापडते आणि सगळा संशय तिथून पेटतो. पुढच्या तीन रांगांना ती दिसते. शिवाय ती हातात घेऊन बोलणाऱ्या नटासमोर भलत्याच माणसाचा चेहरा असला तर त्याचंच लक्ष उडतं. चौकट तळहातात मावेल एवढी, आणि काच नको. ती खाली पडते, फुटते, आणि प्रकाशात चमकून चेहरा दिसत नाही. पर्यायी नट ठेवला असेल तर त्याचाही फोटो आधीच काढून तशाच दुसऱ्या चौकटीत घालून ठेवा. दोन्ही चौकटींच्या मागे नटाचं नाव लिहा, आणि कोणती बाहेर ठेवायची हे प्रॉपर्टीवाल्याने पहिल्या घंटेआधी ग्रीनरूममध्ये जाऊन, समोर रंगत असलेला चेहरा पाहून ठरवावं.